संघ कुणाच्या नावाचा? पंचरंगी सामने, त्यांचे टीकाकार आणि सोलापूर

१/
सोलापुरात बालपण गेलेला एक पारशी मुलगा १९४४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, मुंबईत आपला पहिला प्रथमश्रेणी क्रिकेट सामना खेळला. त्याचे नाव पहलन रतनजी उमरीगर. पुढे सारा देश त्याला पॉली उमरीगर म्हणून ओळखू लागला. त्या दिवशी तो सोलापूरकर म्हणून मैदानात उतरला नाही, महाराष्ट्राचा म्हणून नाही आणि मुंबईकर म्हणूनही नाही. तो ‘पारशी’ संघाकडून खेळला. त्या स्पर्धेत आत येण्याचे दारच तसे होते. ज्याचा जो धर्म, तोच त्याचा संघ.

२/
ही स्पर्धा म्हणजे मुंबईचे पंचरंगी सामने. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि ‘द रेस्ट’ म्हणजे इतर, असे पाच संघ. त्या काळात देशात दुसऱ्या कोणत्याही क्रिकेट स्पर्धेला एवढी गर्दी होत नसे. आणि ही स्पर्धा मोडून नव्याने रचावी, असे सर्वांत आग्रहाने सांगणाऱ्यांमध्ये क्रिकेटचे नावडते कोणीच नव्हते असे म्हटले तरी चालेल. खेळावर जीव असलेले पत्रकार, समालोचक आणि प्रेक्षक त्यांत पुढे होते. त्यांची मागणी काय होती, ती कितपत खरी ठरली आणि तिची किंमत कोणी मोजली, याचा हा धागा.

३/
प्रथम ही रचना झाली कशी, ते पाहू. हिंदी लोकांमध्ये क्रिकेट प्रथम उचलले ते मुंबईच्या पारशांनी. १८८६ आणि १८८८ मध्ये त्यांचे संघ इंग्लंडला जाऊन आले. १८९२ पासून मुंबईत युरोपियन विरुद्ध पारशी असा सामना नियमाने होऊ लागला. १९०७ मध्ये हिंदू संघ आला आणि सामने तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला, सामने चौरंगी झाले. १९३७ मध्ये ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू अशा उरलेल्यांचा संघ आला आणि ‘पंचरंगी’ हे नाव रूढ झाले.

४/
यामागे कोणी एकाने आखलेला डाव शोधू नये. मुंबईतील क्लबच मुळी जमातवार निघाले होते. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना, अशी मैदाने आजही मरीन ड्राइव्हच्या कडेने एका ओळीत उभी आहेत. जमातीने पैसे जमवायचे, जमातीने मैदान राखायचे, जमातीने संघ निवडायचा, हा तेव्हाचा शिरस्ता होता. मात्र त्याच काळात राजकारणही त्याच रेषेवर विभागले जात होते. १९०९ च्या कायद्याने मुस्लिमांना विभक्त मतदारसंघ मिळाले. त्यानंतर तीनच वर्षांनी चौरंगी सामने सुरू झाले. पुढे टीकाकारांना या दोहोंमधले साम्य बोचू लागले, ते यामुळेच.

५/
या रचनेला पहिला मोठा प्रश्न विचारला गेला तो धर्मांमधील नव्हता. तो एकाच संघाच्या आतला, जातीचा प्रश्न होता. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात खेळपट्टीची कामे करता करता ते साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करू लागले. पुढे हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले, कारण त्यांच्याशिवाय जिंकणे अवघड होते. पण चहाच्या वेळी बाळूंना चहा मिळे तो तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ मध्ये हिंदी संघाबरोबर इंग्लंडला जाऊन त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला कधी आले नाही.

६/
बाळूंचे धाकटे बंधू शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही उत्तम खेळाडू होते. १९२० मध्ये निवडीत झालेल्या अन्यायाच्या निषेधार्थ विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले आणि त्यांनी आपली बाजू जाहीरपणे मांडली. वर्तमानपत्रांतून वाद रंगला. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदू संघ जिंकला. संघाची रचना ही देवाज्ञा नाही, लोकांनी रेटा लावला की ती बदलते, हे या प्रसंगाने सर्वांना दाखवून दिले. मग पुढचा प्रश्न येणारच होता. संघाच्या आत जात चालत नसेल, तर संघाच्या नावात धर्म का चालावा?

७/
आता थोडे सोलापूरकडे वळू. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर या गिरणगावात उठाव झाला. ८ मे रोजी गोळीबार झाला, शहर पेटले, इंग्रजी अंमल काही दिवस नावापुरता उरला. १२ मे रोजी लष्करी कायदा लागू झाला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ नावाच्या पत्राचे तरुण संपादक होते. या चौघांचे पुतळे आज सोलापुरात एकत्र उभे आहेत.

८/
त्याच वर्षी, १९३० मध्ये, मुंबईचे चौरंगी सामने थांबले. सविनय कायदेभंगाची चळवळ देशभर पेटलेली असताना युरोपियनांशी खेळाचा सोहळा मांडणे लोकभावनेला मानवणारे नव्हते. ते पुन्हा सुरू झाले १९३४ मध्ये. सोलापूरच्या उठावाचा आणि क्रिकेटचा थेट संबंध होता असे नव्हे. पण एकाच प्रांतात, एकाच काळात, माणसे कोणत्या नावाखाली एकत्र येतात याची ही दोन चित्रे होती. सोलापुरात चार जाती-धर्मांचे चौघे एकाच आरोपाखाली फासावर गेले. मुंबईत त्याच धर्मांची नावे घेऊन संघ उभे राहत होते. ज्यांनी दोन्ही पाहिले, त्यांना दुसरे चित्र खटकणे स्वाभाविक होते.

९/
सामने पुन्हा सुरू झाले त्याच हंगामात, १९३४-३५ मध्ये, क्रिकेट नियामक मंडळाने प्रांतांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. तीच रणजी करंडक स्पर्धा. आता देशात क्रिकेटचे दोन नकाशे झाले. एकात मुंबई, महाराष्ट्र, मद्रास, बंगाल असे प्रांत होते. दुसऱ्यात हिंदू, मुस्लिम, पारशी अशा जमाती होत्या. खेळाडू तेच, खेळ तोच, पण ‘आपला संघ’ या शब्दांचा अर्थ स्पर्धा बदलली की बदलत असे.

१०/
याचे सर्वांत बोलके उदाहरण विजय हजारे यांचे. सांगलीत जन्मलेला हा मराठी ख्रिस्ती फलंदाज. महाराष्ट्राचे कर्णधार होते पुण्याचे प्राध्यापक दि. ब. देवधर, संस्कृतचे अध्यापक आणि मैदानातले करडे शिस्तप्रिय गुरू. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. त्यातल्या पहिल्या हंगामात हजारे यांनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. पण मुंबईच्या सामन्यांत देवधरांनी आपली उमेदीची वर्षे हिंदूंसाठी खेळण्यात घालवली होती आणि हजारे मात्र ‘इतर’ ठरत. पुण्यातल्या तंबूत जो आपला, तो मुंबईच्या फलकावर ‘उरलेल्यांपैकी’ एक.

११/
तरीही गर्दी कुठे होती? पंचरंगी सामन्यांना. रणजीच्या अनेक सामन्यांत तुरळक प्रेक्षक असत आणि मुंबईत पंचरंगीच्या दिवसांत तिकिटांसाठी झुंबड उडे. बाजार ओस पडत, कचेऱ्यांत हजेरी घटे, घराघरांत रेडिओभोवती माणसे जमत. या स्पर्धेत पैसाही मोठा होता. १९३७ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिले आणि त्याच वर्षी हिंदू संघ स्पर्धेबाहेर राहिला. कारण धर्माचे नव्हते, तत्त्वाचेही नव्हते. जिमखान्याच्या वाट्याला किती आसने यायची, यावरून तो वाद होता.

१२/
या गर्दीतूनच टीकाकार पुढे आले. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी हे राष्ट्रीय विचारांचे मुसलमान होते. त्यांच्या पत्रात क्रीडाविषयक लेखन करणारे जे. सी. मैत्रा हे बंगाली. रेडिओवर तासन्‌तास एकट्याने समालोचन करून ज्यांनी क्रिकेट घरोघर पोहोचवले ते ए. एफ. एस. तल्यारखान हे पारशी. ज्या जमातींचे संघ मैदानात उतरत, त्याच जमातींतील माणसे या रचनेला विरोध करू लागली होती. त्यांच्यापैकी कोणीही क्रिकेट बंद करा, असे म्हणत नव्हते. संघ बांधण्याचा नियम बदला, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

१३/
त्यांचा युक्तिवाद आजही ताजा वाटतो. मैदानातील नियम, म्हणजे किती चेंडूंचे षटक, पायचीत कधी द्यायचा, याने खेळ कसा खेळला जातो ते ठरते. संघ कसे बांधायचे या नियमाने प्रेक्षक कोणासाठी ओरडतो ते ठरते. वर्षानुवर्षे हजारो माणसे ‘हिंदू हरले’, ‘मुस्लिम जिंकले’ अशा भाषेत बोलत राहिली, तर ती भाषा तंबूपुरती राहणार नाही. म्हणून प्रांतांचे संघ करा, विभागांचे करा, विद्यापीठांचे करा. पण माणसाचा धर्म त्याच्या टोपीवर लिहू नका, असे टीकाकारांचे सांगणे होते.

१४/
१९४० मध्ये हा प्रश्न वर्ध्याला पोहोचला. ऑक्टोबरमध्ये विनोबांपासून वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला होता, कार्यकर्ते तुरुंगात जात होते, युरोपात युद्ध पेटले होते. अशा वेळी सामने खेळावेत का, हे विचारण्यासाठी हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ डिसेंबरमध्ये गांधीजींना भेटले. गांधीजी क्रिकेटचे रसिक नव्हते. त्यांनी सांगितले की देश अशा अवस्थेत असताना हे मनोरंजन शोभत नाही. त्यापुढे जाऊन त्यांनी मुळावरच बोट ठेवले. महाविद्यालयांचे किंवा संस्थांचे सामने समजू शकतात, पण हिंदू, पारशी, मुस्लिम असे संघ का असावेत हे आपल्याला कधीच उमगले नाही. खेळाच्या क्षेत्रात तरी अशा भिंती वर्ज्य असाव्यात, अशा आशयाचे त्यांचे मत होते.

१५/
त्यानंतर हिंदू जिमखान्यात खडाजंगी चर्चा झाली आणि मतदानाने निर्णय झाला: या वर्षी हिंदू संघ उतरणार नाही. पण पुढच्याच वर्षी, १९४१ मध्ये, हिंदू संघ परत आला. १९४२ मध्ये ‘चले जाव’च्या वणव्यात सामने झाले नाहीत. १९४३ मध्ये ते पुन्हा भरले आणि पुन्हा गर्दी लोटली. देशातील सर्वांत मोठ्या नेत्याचा शब्दही प्रेक्षकांच्या सवयीपुढे एका हंगामापुरताच टिकला. सुधारकांच्या वाटेतला खरा धोंडा जिमखान्यांचे पदाधिकारी नव्हते. तो धोंडा होता प्रेक्षकांच्या मनातली ओढ.

१६/
सामन्यांच्या समर्थकांना केवळ हट्टी किंवा कट्टर म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. त्यांचे म्हणणे असे होते: मैदानात दंगे होत नाहीत, वेगवेगळ्या जमातींचे लोक शेजारी बसून सामना पाहतात, चांगल्या खेळाला सगळेच टाळ्या देतात. शिवाय या स्पर्धेने तरुण खेळाडूंना जेवढे मोठे व्यासपीठ दिले, तेवढे रणजी स्पर्धा देऊ शकत नव्हती. अठरा वर्षांच्या उमरीगरांना ते दार उघडले ते पंचरंगीनेच. आणि मैदानावर घडलेल्या काही गोष्टी खरोखर समर्थकांच्या बाजूने साक्ष देणाऱ्या होत्या.

१७/
१९४३ चा अंतिम सामना घ्या. हिंदूंनी ५ बाद ५८१ धावांवर डाव घोषित केला, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. ‘द रेस्ट’चा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात विजय हजारे उभे राहिले. सहाव्या गड्यासाठी त्यांनी आपले बंधू विवेक यांच्यासोबत ३०० धावांची भागी केली. त्यात विवेक यांच्या धावा होत्या २१. संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या. सामना ते एक डाव आणि ६१ धावांनी हरले, पण क्रिकेटच्या इतिहासात तो डाव आजही आठवला जातो. ज्या संघाचे नाव ‘उरलेले’, त्याच्या मराठी ख्रिस्ती फलंदाजाला मुंबईने डोक्यावर घेतले.

१८/
१९४४ चा अंतिम सामना त्याहून चुरशीचा झाला. हिंदू आणि मुस्लिम समोरासमोर. मुस्लिम संघाचे सलामीवीर के. सी. इब्राहिम चौथ्या डावात नाबाद शतक ठोकून उभे राहिले आणि त्यांच्या संघाने अवघा एक गडी राखून सामना जिंकला. देशात फाळणीची भाषा उघडपणे सुरू झालेली होती. तरी मैदानावर अनर्थ झाला नाही. समर्थकांनी हे उदाहरण पुढे करणे साहजिक होते. पण टीकाकारांचा मुद्दा दंग्याचा नव्हताच. प्रेक्षक सभ्य आहेत हे त्यांना मान्य होते. त्या सभ्य प्रेक्षकांना दरवर्षी धर्मानुसार वाटून का बसवायचे, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याला उत्तर मिळत नव्हते.

१९/
या वादाकडे पाहण्याबाबत इतिहासकारांमध्येही मतभेद आहेत. रामचंद्र गुहा यांच्या लेखनात जात, धर्म आणि राष्ट्रवाद यांचा संघर्ष मध्यभागी आहे. बोरिया मजुमदार पैशाकडे आणि सत्तेकडे लक्ष वेधतात: पंचरंगी सामन्यांची मिळकत मुंबईच्या जिमखान्यांकडे जात होती, रणजीला प्रेक्षक मिळत नव्हते, म्हणून मंडळातील मंडळींना आणि इतर प्रांतांना ही स्पर्धा डोळ्यांत खुपत होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. सुधारणेची मागणी तत्त्वातून जन्मते, पण ती मान्य होते तेव्हा बहुधा कोणाच्या तरी हिताचे गणितही जुळलेले असते.

२०/
१९४५-४६ चा हंगाम शेवटचा ठरला. त्या वर्षी हिंदूंनी पारशांना हरवले आणि १९४६ नंतर पंचरंगी सामने कायमचे थांबले. वर्षभरात देशाची फाळणी झाली. मंडळाने विभागवार चौरंगी स्पर्धा भरवून पाहिली, पण ती रुजली नाही. टीकाकारांनी जिचा पुरस्कार केला होता ती विभागांची कल्पना पक्की बसायला बराच काळ गेला. १९६१-६२ मध्ये दुलीप करंडक सुरू झाला आणि १९७३-७४ मध्ये देवधरांच्या नावाने एकदिवसीय सामन्यांचा करंडक. पश्चिम विभाग, दक्षिण विभाग असे संघ झाले. तत्त्व जिंकले. पण ‘पश्चिम विभाग’ या नावासाठी घसा कोरडा पडेपर्यंत ओरडणारा प्रेक्षक कोणी कधी पाहिला?

२१/
या कथेला समुद्रापलीकडे एक जुळे भावंड आहे. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना कित्येक दशके मज्जाव होता. म्हणून त्यांनी स्वतःच्या साखळी स्पर्धा उभारल्या. १९२० मध्ये रूब फॉस्टर यांनी अशीच एक संघटना स्थापली. गावोगावचे कृष्णवर्णीय प्रेक्षक या संघांवर जीव टाकत. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरले आणि ती भिंत फुटली. हा बदल निःसंशय न्याय्य होता. पण त्यानंतर काही वर्षांतच कृष्णवर्णीयांच्या त्या स्पर्धा ओसरल्या आणि त्यांच्याभोवती जमलेला प्रेक्षक, पैसा, अभिमान पांगला.

२२/
दोन्ही कथांतील फरक विसरता येत नाही. अमेरिकेत वेगळेपण लादलेले होते, मुंबईत ते बहुतांशी जमातींनीच जोपासले होते. तरी शिकवण एकच निघते. चुकीच्या पायावर उभे असलेले घर पाडणे योग्यच असते, पण त्या घरात माणसे राहत असतात. पंचरंगीच्या टीकाकारांनी पाया चुकीचा आहे हे अचूक ओळखले. प्रेक्षकाच्या जिव्हाळ्याला नवे घर कोणते द्यायचे, याचा विचार मात्र नकाशावर रेघा ओढण्यापलीकडे फारसा गेला नाही. विभाग हा कार्यालयीन सोयीचा शब्द आहे. त्याला गल्ली नाही, बोली नाही, भांडण नाही आणि म्हणून प्रेमही नाही.

२३/
उमरीगर स्वतः मात्र त्या पहिल्या टोपीतून लवकरच बाहेर पडले. १९४८ ते १९६२ या काळात ते भारतासाठी ५९ कसोटी सामने खेळले. त्यांनी ३,६३१ धावा आणि १२ शतके केली. १९५५-५६ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २२३ धावा काढल्या. कसोटीत द्विशतक करणारे ते पहिले भारतीय. त्यांनी देशाचे नेतृत्वही केले. आज मंडळाचा सर्वोत्तम भारतीय क्रिकेटपटूचा पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. त्यांची जमात आज किती जणांना आधी आठवते? टीकाकारांना जे हवे होते ते हेच, आणि उमरीगरांच्या पिढीने ते प्रत्यक्षात आणून दाखवले.

२४/
प्रेक्षकाच्या जिव्हाळ्याला नवे घर मिळायला मात्र २००८ साल उजाडावे लागले. इंडियन प्रीमियर लीगने संघांना शहरांची आणि राज्यांची नावे दिली आणि स्टेडियम पुन्हा भरले. पुढे राज्याराज्यांत तशाच स्पर्धा निघाल्या. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी यांच्यासोबत त्यात एक संघ होता ‘सोलापूर रॉयल्स’. ज्या शहरातल्या मुलाला ऐंशी वर्षांपूर्वी शहराच्या नावाने खेळण्याची सोयच नव्हती, त्या शहराचे नाव आता धावफलकावर झळकले.

२५/
म्हणून प्रश्न संपला का? त्या हंगामाचे सारे सामने पुण्याजवळच्या गहुंजे येथे झाले, सोलापूरपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर. आणि त्या हंगामात गाजलेला सोलापूरचा तरुण अष्टपैलू अर्शिन कुलकर्णी खेळला तो नाशिकच्या संघाकडून. पुण्याच्या संघाविरुद्ध त्याने ५४ चेंडूंत ११७ धावा फटकावल्या. खेळाडूंचा लिलाव होतो, बोली ज्याची मोठी त्याचा खेळाडू. पूर्वी जन्म संघ ठरवत असे, आता बाजार ठरवतो. नाव गावाचे, पण मैदान गावाबाहेर आणि गावचा मुलगा दुसऱ्या गावाच्या गणवेशात, अशी ही नवी गंमत आहे.

२६/
या दोन टोकांत तुलना केली तर आजची रचना नक्कीच अधिक निर्मळ आहे. नाशिककडून खेळणाऱ्या सोलापूरच्या मुलाला सोलापूरकर टाळ्या देऊ शकतो, नाशिककरही देऊ शकतो. त्यात कोणाचा धर्म आड येत नाही. पण ब्रेलवी, मैत्रा, तल्यारखान यांनी विचारलेला मूळ प्रश्न अजून जिवंत आहे. संघ कोणाच्या नावाने बांधायचा आणि तो खरोखर त्या नावाचा असतो का? गावाच्या नावाचा संघ गावच्या मैदानावर खेळावा, गावच्या मुलांना त्यात हक्काची काही जागा असावी, अशा सूचना आजचा क्रिकेटप्रेमी करतो तेव्हा तो याच परंपरेतले पुढचे पाऊल टाकत असतो.

२७/
खेळाच्या सुधारणांचा इतिहास बहुधा नियमपुस्तकांतून लिहिला जातो: षटक किती चेंडूंचे, मैदान किती यार्डांचे. पंचरंगी सामन्यांची कथा सांगते की सर्वांत खोल जाणारा नियम नाणेफेकीच्याही आधी, संघाचे नाव ठरते तेव्हा लागू होतो. ते नाव बदलण्याचा हट्ट काही रसिकांनी धरला, आपल्या सर्वांत लाडक्या स्पर्धेविरुद्ध धरला आणि तो पुरा होईपर्यंत सोडला नाही. खेळावर प्रेम असणे म्हणजे तो आहे तसा कवटाळणे नव्हे. तो ज्या नावाने खेळला जातो त्या नावाची लाज वाटू लागली, तर तसे उघड सांगणे हाही त्या प्रेमाचाच भाग आहे.